कॉफीचा डोंगर, उसाचा फड आणि 'उचल'

१/
पाठीवर पिशवी टाकून मित्रांसोबत दक्षिण अमेरिकेतील कॉफीच्या प्रदेशात भटकावे, ही आज अनेक मराठी तरुणांची इच्छा आहे. कोलंबियातील सालेंतो गावाचे रंगीत सज्जे, कोकोरा खोऱ्यातील 'वॅक्स पाम' जातीची ताडासारखी उंच झाडे, तीव्र उतारावर लावलेली कॉफी ही छायाचित्रे आता कडेगावातही मोबाईलवर रोज दिसतात. या इच्छेत गैर काहीच नाही. परंतु कॉफीच्या डोंगरात गेल्यावर नेमके काय पाहावे, याविषयी माझे एक मत आहे. ते मांडण्यासाठी हा दीर्घ धागा.

२/
मत थोडक्यात असे: कॉफीचा डोंगर म्हणजे निसर्ग नव्हे. तो माणसांनी जंगल तोडून, रोपे लावून, दरवर्षी फळे खुडून घडवलेला आहे. आणि ही मजुरी जगात ठिकठिकाणी एकाच साधनाने बांधून ठेवली गेली. ते साधन म्हणजे कामाआधी हातावर ठेवलेली रक्कम. ब्राझील, श्रीलंका, म्हैसूर, सगळीकडे तिला वेगवेगळी नावे आहेत. आपल्या उसाच्या फडात तिला 'उचल' म्हणतात. कॉफीचा इतिहास वाचला की कडेगावचा ऊस अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते.

३/
प्रथम झाडाचा प्रवास. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. त्याची शेती आणि पेय म्हणून प्रसार झाला तो येमेनमध्ये. मोखा हे तिथले बंदर. 'मोका' हा शब्द आजही कॉफीच्या दुकानात त्याच बंदराची आठवण घेऊन येतो. येमेनी व्यापाऱ्यांना आपली मक्तेदारी टिकवायची होती, त्यामुळे उगवण्याजोगे बी बाहेर जाऊ नये याची ते काळजी घेत. आणि इथेच आपल्या ओळखीची कथा सुरू होते.

४/
बाबा बुदन नावाचे सूफी फकीर सतराव्या शतकात हजला गेले, परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी ती कथा. प्रवासी ब्लॉगांपासून कॉफीच्या पुड्यांपर्यंत ती सर्वत्र आढळते. या प्रसंगाचा समकालीन लेखी पुरावा नाही. ती परंपरेने जपलेली आठवण आहे. तरीही ती टाकाऊ नव्हे. पश्चिम किनारा आणि अरबस्तान यांच्यातील हज आणि व्यापाराचा मार्ग खरा होता, आणि कॉफी त्याच मार्गाने भारतात आली असणार, हे ही कथा बरोबर सांगते.

५/
पुढचा टप्पा कागदोपत्री अधिक भक्कम आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६९६ मध्ये मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली; ती जगली. १७०६ मध्ये जावाचे एक रोप ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. १७१४ मध्ये तिथून एक झाड फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट देण्यात आले. या झाडांची संतती फ्रेंच आणि डच वसाहतींतून अटलांटिक ओलांडून गेली, आणि १७२७ मध्ये फ्रान्सिस्को पाल्हेता या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फ्रेंच गयानातून ब्राझीलमध्ये कॉफी आणली.

६/
म्हणजे दक्षिण अमेरिकेतील जुन्या कॉफीच्या वंशावळीत मलबार किनाऱ्याचे नाव आहे. 'टिपिका' या वाणाचा प्रवास येमेन, भारत, जावा, ॲमस्टरडॅम, अमेरिका असाच सांगितला जातो. ज्या प्रदेशाला आपण अगदी परका आणि दूरचा समजतो, त्याचे एक मूळ सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे.

७/
याच विचाराने आम्ही चौघांनी यंदा जानेवारीत विमानाचे तिकीट शोधण्याऐवजी मिरजेहून रेल्वे पकडली. हुबळीमार्गे बिरूर, तिथून बसने चिकमंगळूर, आणि पुढचे पाच दिवस पायी. मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातील सर्वोच्च शिखर आणि बाबा बुदनगिरीची रांग याच परिसरात आहे. जानेवारी हा कॉफी खुडण्याचा काळ. आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हाच तिथे कॉफीचा असतो. महिन्यांचा हा योग पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

८/
बाबा बुदनगिरीवर बाबा बुदनांची आठवण आहे आणि दत्तात्रेयाचीही. हे स्थान दोन्ही समाजांच्या श्रद्धेचे आहे आणि त्याविषयीचा वादही जुना आहे. तो या धाग्याचा विषय नाही. एवढेच नोंदवतो की, ज्या गावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभे करतात आणि मिळून मिरवतात, त्या कडेगावच्या माणसाला असे सामाईक स्थान समजून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

९/
आता डोंगराकडे. भारतातील कॉफी सावलीत वाढते. वर उंच झाडे, त्यांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल, आणि खाली कमरेएवढी, डोक्याएवढी कॉफीची झुडपे. वाटसरूला हे जंगलच वाटते. प्रत्यक्षात यातील प्रत्येक थर कुणीतरी ठरवून ठेवलेला आहे. सावली देणारी सिल्व्हर ओकची झाडे तर ऑस्ट्रेलियातून आलेली. ब्राझीलमध्ये बरीच कॉफी उघड्या उन्हात वाढते. तिथे डोंगर कंगव्याने विंचरल्यासारखा दिसतो. दोन्ही देखावे हातांनीच घडवले. प्रश्न एवढाच की, ते हात कुणाचे आणि कोणत्या अटींवर राबले?

१०/
ब्राझीलपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकात रिओ दि जनेरोच्या मागे असलेल्या पाराइबा खोऱ्यात कॉफीने जंगल गिळले. हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी केले. गुलामांच्या संपूर्ण व्यापारकाळात ब्राझीलच्या किनाऱ्यावर सुमारे ४८ लाख माणसे उतरवली गेली. अमेरिका खंडातील अन्य कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी आहे. १८५० मध्ये ब्राझीलने गुलामांची आयात बंद केली, पण गुलामगिरी संपली ती १३ मे १८८८ रोजी. तोवर ब्राझील जगातील सर्वात मोठा कॉफी उत्पादक झाला होता.

११/
गुलामांची आयात थांबणार, हे काही मळेवाल्यांनी आधीच ओळखले होते. साओ पाउलो प्रांतातील सिनेटर व्हेर्गेइरो याने आपल्या इबिकाबा मळ्यावर १८४७ पासून युरोपातील गरीब कुटुंबे आणण्यास प्रारंभ केला. जर्मन आणि स्विस शेतकरी आले. करार वाटेकरीचा होता: कुटुंबाने कॉफीची झाडे सांभाळायची, उत्पन्नाचा वाटा घ्यायचा. कागदावर हे स्वतंत्र माणसांचे काम होते.

१२/
परंतु जहाजाचे भाडे मळेवाल्याने आगाऊ भरलेले असे. आल्यानंतरचे धान्य, कपडे, अवजारे मळ्याच्याच दुकानातून उधारीवर. सगळ्यावर व्याज. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे. आणि कॉफीचे माप मळेवाल्याचे, हिशेबाची वहीही मळेवाल्याचीच. वर्षामागून वर्षे काम करूनही कुटुंबाच्या नावावर बाकी उरतच असे.

१३/
१८५६-५७ च्या सुमारास इबिकाबावर थॉमस डावात्झ नावाच्या स्विस शाळामास्तराच्या पुढाकाराने मजुरांनी तक्रार मांडली: मापे खोटी आहेत, हिशेब तपासा. मळेवाल्यांनी त्याला बंड म्हटले. डावात्झ मायदेशी परतला आणि १८५८ मध्ये त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. युरोपात खळबळ उडाली. १८५९ मध्ये प्रशियाने ब्राझीलसाठी माणसे भरती करण्यावर निर्बंध आणले. १८५९ हे साल लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१४/
गुलामगिरी संपल्यावर साओ पाउलोच्या सरकारने जहाजभाडे स्वतःच्या खजिन्यातून देऊन लाखो इटालियन आणले. भाड्याचे कर्ज गेले, पण मजुरी थकवणे आणि मळ्याच्या दुकानाची उधारी राहिली. तक्रारी इतक्या वाढल्या की १९०२ मध्ये इटलीने अशा अनुदानित स्थलांतरास बंदी घातली. मग मळेवाल्यांनी नवे हात शोधले: १९०८ मध्ये 'कासातो मारू' हे जहाज जपानी मजुरांना घेऊन सांतोस बंदरात आले.

१५/
याच काळात आपल्या शेजारी श्रीलंकेत इंग्रजांनी कॉफीचे मळे उभारले होते. तिथे मजूर गेले ते तमिळ जिल्ह्यांतून. त्यांना नेणारा म्हणजे 'कंगाणी'. तो गावातलाच, बहुधा ओळखीचा किंवा नात्यातला. तो आगाऊ पैसे देई, वाटखर्च करी, टोळी बांधी, मळ्यावर देखरेख करी आणि प्रत्येक मजुराच्या डोक्यावरील बाकीचा हिशेब ठेवी. मळा बदलायचा तर नव्या मालकाने ती बाकी चुकती करायची. म्हणजे माणूस मोकळा, पण त्याचे कर्ज खरेदी-विक्रीचे.

१६/
१८६९ मध्ये श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. पुढच्या दीड-दोन दशकांत तिथली कॉफी जवळजवळ नष्ट झाली आणि त्याच डोंगरांवर चहा आला. पीक बदलले, कंगाणी मात्र राहिला. कॉफी, चहा, रबर, ऊस ही नावे वरवरची आहेत. खाली असलेली मजुरीची व्यवस्था पिकाहून दीर्घायुषी असते.

१७/
चिकमंगळूरमध्ये इंग्रजी मळ्यांचा आरंभ १८३० च्या सुमारास झाला. थॉमस कॅनन याचे नाव त्यात अग्रभागी येते. त्याआधी स्थानिक लोक परसात आणि लहान बागांत कॉफी लावत असत. मळे वाढले तसे हात कमी पडू लागले. मग घाटाखालच्या तुळू प्रदेशातून आणि पूर्वेच्या कोरड्या मैदानातून मजूर आणले जाऊ लागले. आणणारा 'मेस्त्री'. काम तेच: पावसाळ्यानंतर गावात जायचे, आगाऊ रक्कम वाटायची, टोळी घेऊन यायची.

१८/
उसाच्या प्रदेशातील माणसाला यातील एकही गोष्ट नवी वाटणार नाही. कंगाणी म्हणा, मेस्त्री म्हणा. आपण त्याला मुकादम म्हणतो. एका संध्याकाळी रस्त्याकडेला कॉफीची पोती तोलली जात होती. किलोमागे दर, शेजारी वहीत नोंद, आणि नोंदीआधी कापली जाणारी 'आगाऊ'ची रक्कम. आमच्यातील एकाने मोडक्या हिंदीत विचारले तेव्हा कळले की खुडणारी मंडळी आसामची होती. दक्षिणेतील कॉफी आता बरीचशी आसाम, झारखंडकडच्या हातांनी खुडली जाते. कोरड्या मैदानातील माणसे दुसरीकडे कामाला लागली. रिकाम्या जागी आणखी दूरचे आले.

१९/
आता १८५९ कडे. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात १३ वा कायदा झाला: कामगारांच्या करारभंगाचा कायदा. आगाऊ रक्कम घेऊन जो मजूर काम करणार नाही किंवा सोडून जाईल, त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येई. पैसे परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम होई. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. दक्षिणेतील मळेवाल्यांनी या कायद्याचा भरपूर आधार घेतला. प्रशियाने मजुरांची भरती रोखली त्याच वर्षी आपल्याकडे उचलीला तुरुंगाचे बळ मिळाले.

२०/
याला जोडून आपल्या मातीतील एक गोष्ट पाहिली पाहिजे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जाचे कागद जाळले. हे दख्खनचे दंगे. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील कुकरूड येथेही असा उठाव झाला; कुकरूड आज सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात आहे. तेव्हा कडेगावही सातारा जिल्ह्यातच होते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

२१/
या दंग्यांचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात एक मूलगामी तरतूद होती: पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक किंवा कैद करता येणार नाही. न्यायालयाने कर्जाचा मागचा सगळा हिशेब तपासावा, असेही त्यात होते. सावकाराच्या वहीवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचे दिवस निदान कागदावर संपले.

२२/
हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. सरकार एकच, काळ एकच. सातारच्या शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात घालता येत नाही, कारण त्याच्या नावावर जमीन आहे, तो सारा भरतो आणि तो दंगा करू शकतो. मळ्यावरच्या मजुराला मात्र घेतलेल्या उचलीसाठी तुरुंगात घालता येते. जमीनवाल्याचे देणे दिवाणी, आणि भूमिहीनाचे देणे फौजदारी. वसाहतीच्या राज्यातील ग्रामीण कर्जाचा इतिहास मला या एका भेदात सर्वात स्पष्ट दिसतो.

२३/
१८५९ चा कायदा रद्द करण्याचे विधेयक १९२५ मध्ये संमत झाले. उचल बुडेल, मजूर पळतील, मळे बसतील, अशी भीती मळेवाले वर्षानुवर्षे व्यक्त करत आले होते. तसे झाले नाही, कॉफी टिकली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मळेकामगार कायदा आला. चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांवर राहण्यासाठी घर, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर, मुलांचे शिक्षण, आजारपण आणि बाळंतपणाचे साहाय्य ही मालकाची कायदेशीर जबाबदारी ठरली. २०२० च्या कामगार संहितेत या तरतुदी सामावून घेतल्या गेल्या.

२४/
या कायद्याने स्वर्ग आणला नाही. अंमलबजावणीच्या तक्रारी आजही आहेत, लहान मळे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि हंगामापुरते आलेल्या परप्रांतीयापर्यंत तो पुरता पोहोचत नाही. तरी एक तत्त्व त्याने कायद्यात नोंदवले: जो माणूस आपले गाव सोडून तुमच्या पिकासाठी येतो, त्याच्या निवाऱ्याची, औषधाची आणि मुलांची काळजी ही दया नसून देणे आहे.

२५/
आता कडेगावला येऊ. आपला तालुका दुष्काळी. इथल्या आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीच्या माणसांनी गलाई व्यवसायासाठी, सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी, केरळपासून पंजाबपर्यंतचा देश पालथा घातला, तो हौस म्हणून नव्हे. मग कृष्णेचे पाणी उचलून आणणारी टेंभू योजना आली. कराड तालुक्यातील टेंभूहून टप्प्याटप्प्याने वर चढवलेले पाणी माळावर पोहोचले आणि जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे ऊस उभा राहिला. हा बदल आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे.

२६/
पण ऊस तोडतो कोण? बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून, जत आणि विजयपूरच्या बाजूने आलेल्या टोळ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'; एकट्याचा हिशेब 'अर्धा कोयता'. माणसाला अवजाराच्या नावाने मोजणारी ही भाषाच पुरेशी बोलकी आहे. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचे, फडाशेजारी कोपी घालायची, पहाटेपासून मोळ्या बांधायच्या आणि हंगामाअखेर हिशेब लावायचा. फिटले नाही तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. इबिकाबाच्या वहीत आणि या वहीत मला तत्त्वाचा फरक सापडत नाही.

२७/
आणि पुन्हा तोच भेद. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे: ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किमान दर मिळाला पाहिजे, विलंब झाल्यास १५ टक्के व्याज. तो दर थकला की आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. तोच ऊस तोडणाऱ्यासाठी महाराष्ट्रात कल्याणकारी महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे; पण मळेकामगार कायद्याच्या तोडीचा, हक्काची भाषा बोलणारा कायदा नाही. कॉफी खुडणाऱ्याला १९५१ मध्ये जे कागदावर तरी मिळाले, ते ऊस तोडणाऱ्याला अजून मिळालेले नाही.

२८/
यावर आपल्याकडे एक आक्षेप ठरलेला असतो आणि तो पोकळ नाही. टोळ्या उचल घेतात आणि येतच नाहीत. मुकादम लाखो रुपये घेऊन गायब होतो. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार देशोधडीला लागतो. सांगली-कोल्हापूरकडे अशी घरे आहेत. फसवणूक ही फसवणूकच आहे आणि तिला शिक्षा व्हायला हवी. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते: हीच तक्रार १८५० च्या दशकातील मालकांचीही होती. तिच्या उत्तरादाखल त्यांना मजुरासाठी तुरुंग मिळाला, आणि तरी तक्रार संपली नाही.

२९/
कारण दोष मजुराच्या स्वभावात नसून व्यवहाराच्या रचनेत आहे. खासगी, तोंडी, नोंद नसलेली मोठी रक्कम मध्यस्थाच्या हाती द्यायची आणि तिच्या भरवशावर हंगाम उभा करायचा, या पद्धतीत वाहतूकदारही बुडतो आणि मजूरही. मुकादमाची आणि मजुराची नोंदणी, मजुरी थेट मजुराच्या खात्यात, उचलीचा लेखी हिशेब, फडावर पाणी-निवारा-औषधाची निश्चित जबाबदारी, आणि स्त्रीच्या नावावर तिची स्वतंत्र मजुरी: यात अशक्य असे काही नाही. 'कोयता' या हिशेबात बाईचे श्रम नवऱ्याच्या नावाखाली नाहीसे होतात, हे तर पहिल्यांदा थांबले पाहिजे.

३०/
शेवटी कोलंबिया. तिथली कॉफी ब्राझीलसारखी केवळ प्रचंड मळ्यांवर वाढली नाही. अँटिओकियाकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी मोठ्या जमीनदारीच्या कंपन्यांशी झगडून लहान जमिनी मिळवल्या. १९२७ मध्ये तिथल्या उत्पादकांनी राष्ट्रीय महासंघ स्थापला. २०११ मध्ये युनेस्कोने तो प्रदेश 'कॉफीचा सांस्कृतिक भूप्रदेश' म्हणून जागतिक वारशात घेतला. लहान शेतकरी, त्यांची संघटना, त्यातून आलेली सुबत्ता: सहकाराच्या प्रदेशात वाढलेल्या मराठी माणसाला हे चित्र घरचेच वाटेल.

३१/
तिथेही हंगामात गावोगाव फिरणारे खुडणारे असतात. त्यांना 'आंदारिएगो' म्हणतात, म्हणजे भटके. छायाचित्रात पांढरी टोपी घातलेला शेतमालक दिसतो. भटका खुडणारा क्वचित दिसतो. जमीन लहान हातांत वाटली गेली आणि सहकार झाला की न्याय पुरा झाला, असे नसते. सहकाराने जमीनवाल्याला सावकारापासून आणि व्यापाऱ्यापासून सोडवले, ही त्याची मोठी कामगिरी. तोडणारा आणि खुडणारा अजून त्या सभासदयादीबाहेर उभा आहे, कोलंबियात आणि कडेगावातही.

३२/
म्हणून कॉफीच्या प्रदेशात जरूर जा. पैसे साठले तर सालेंतोला जा, नाहीतर चिकमंगळूरला जा. महाराष्ट्रातच राहायचे तर अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला जा, आपल्या राज्यातील कॉफी तिथे होते. फोटो काढा, सूर्योदय पाहा. फक्त तीन प्रश्न सोबत न्या: इथे खुडतो कोण? तो कुठून आला? आणि निघण्यापूर्वी त्याने कुणाकडून किती घेतले होते? उत्तर देणाऱ्याला संकोच वाटेल असे विचारू नका. चहा पीत, वेळ देऊन विचारा.

३३/
हेच तीन प्रश्न आपल्या फडाच्या बांधावरही विचारता येतात, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. ऊसदराच्या पुढच्या सभेत मागण्यांच्या यादीत एक ओळ वाढवावी, अशी माझी कडेगाव-पलूस-खानापूरच्या समवयस्क मित्रांना विनंती आहे: ऊसतोड मजुरासाठी मळेकामगार कायद्याच्या तोडीचा कायदा. १८७९ मध्ये सातारच्या शेतकऱ्यासाठी कायदा झाला, कारण शेतकरी स्वतः बोलला. ऊसतोड मजूरही बोलतो. पण तो सहा महिने आपल्या गावात आणि सहा महिने त्याच्या गावात असतो, मतदार मात्र तिकडचाच राहतो. आपल्या गावात त्याच्या बाजूने बोलण्याचे काम आपले आहे.